नेव्हिलचा नळ आणि कथबर्टची नाळ

"येत्या चौदा तारखेला दुपारी चार वाजता तू घरात पाऊल टाकशील, नळ फिरवशील आणि चहाचं आधण ठेवशील," नेव्हिल बूथरॉइडने बायकोला फोनवर सांगितलं. "चार म्हणजे चार. चार वाजून पाच नाही."

ग्लेनिसने इंग्लंडहून एवढंच विचारलं, की हे पाण्याच्या ऑफिसला माहीत आहे का. नेव्हिल म्हणाला, माहीत म्हणजे काय, सगळं वेळापत्रक त्यांच्या हातात देऊन आलोय. लॅमिनेट करून.

ते खरं होतं. पाण्याच्या ऑफिसातल्या काउंटरवरच्या बाई त्या दिवसापासून त्या वेळापत्रकाने वारा घेत होत्या. कागद कडक होता, वारा झकास लागायचा.

नेव्हिलचा यात काही दोष नाही. हडर्सफील्डमध्ये चौतीस वर्षं त्याने बसगाड्यांची वेळापत्रकं केली. बस उशिरा आली तर तो बसला नावं ठेवायचा, वेळापत्रकाला नाही. सहा वर्षांपूर्वी तो आणि ग्लेनिस कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडात पंधरा दिवस हॉटेलात राहून गेले. तिथे पाणी नळातून यायचं, बर्फ बादलीतून यायचा आणि समुद्र खिडकीतून यायचा. नेव्हिलची समजूत झाली, की या देशात सगळं असंच आपणहून येतं. निवृत्त झाल्या झाल्या त्याने मॉर्न फांशेत गावात, डोंगराच्या उतारावर, एक अर्धवट बांधलेलं घर जमिनीसकट घेतलं. विकणारा टोरांटोत राहत होता. त्याने कागद पाठवले, फोटो पाठवला, शुभेच्छाही पाठवल्या. नळजोडणी नाही हे तेवढं पाठवायचं राहिलं.

मागच्या वर्षी ग्लेनिस पंधरा दिवस राहून गेली, तेव्हा घरात एक टाकी होती आणि टाकीत एक बेडूक होता. पाणी पुरवायचं म्हणून नेव्हिलने पिणंच कमी केलं. अकराव्या दिवशी त्याला मुतखडा झाला. एकोणीस तास तो मोरीच्या दारात गुडघ्यांवर बसून होता, आणि ग्लेनिस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तांबे तांबे पाणी मागून त्याला पाजत होती. खडा पडला तेव्हा नेव्हिलने तो धुऊन गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली: निघाला सकाळी सहा चाळीस, पोचला दुसऱ्या दिवशी एक चाळीस. जुनी सवय.

ग्लेनिसने मात्र ते एकोणीस तास बाटलीत घालून ठेवले नव्हते. जाताना तिने अट घातली. पुढच्या खेपेला मी येईन त्या दिवशी नळाला पाणी असेल तर मी बॅग उघडीन आणि राहीन. नसेल तर चेनला हात लावणार नाही. पंधरा दिवसांनी ती बॅग तशीच परत जाईल, बरोबर मी, आणि माझ्याबरोबर तू. घर विकायचं. ग्लेनिस शब्दाची पक्की. एकदा म्हणाली होती, तुझा भाऊ या घरात असेपर्यंत मी सोफ्यावर बसणार नाही. भाऊ चार महिने राहिला.

आणि नेव्हिलला हवं होतं ते फार थोडं होतं. संध्याकाळी ओट्यावर दोन खुर्च्या, समोर समुद्र, ग्लेनिस शब्दकोडं वाचतेय आणि हा चुकीची उत्तरं देतोय. हे एकट्याने करता येत नाही. करून पाहिलं होतं त्याने.

फोन केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कथबर्ट नोएल खुंट्या घेऊन आला. कथबर्ट पाण्याच्या ऑफिसातला पाइप टाकणारा. वय अठ्ठावन्न, अंगाने आडदांड, उताराखालच्याच घरात म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा. त्याने हात लावलेल्या नळाला पाणी जोरात येतं म्हणून गाव त्याला प्रेशर म्हणायचं. त्याने रस्त्यापासून घरापर्यंत खुंट्या ठोकल्या आणि नेव्हिलने टेप काढली. सरळ रेघ मारली तर एकसष्ट फूट. कथबर्टच्या खुंट्यांप्रमाणे एकशे चार. मधे एक नारळाचं झाड होतं, आणि खुंट्या त्या झाडाला दुरूनच असा वळसा घालत होत्या, की जणू ते झाड चावतं.

नेव्हिलने विचारलं, सरळ का नाही. कथबर्टने झाडाकडे पाहिलं, नेव्हिलकडे पाहिलं, परत झाडाकडे पाहिलं.

"पाइप इकडून जाणार, मिस्टर नेव्हिल. तिकडून नाही."

कारण त्याने सांगितलं नाही. साठी उलटलेल्या माणसाला कोणी कारण सांगतं का, की देवळाच्या गाभाऱ्यातून गटार काढू नये म्हणून? जे सगळ्यांना माहीत असतं ते मॉर्न फांशेतमध्ये कोणी कोणाला सांगत नाही. नेव्हिलला वाटलं, गडी काम वाढवतोय. त्यात कथबर्ट म्हणाला, मी सोमवारी खणायला घेतो, शुक्रवारपासून आम्ही सगळे लग्नाला कारियाकूला चाललोय. कारियाकू म्हणजे पलीकडचं बेट. 'आम्ही सगळे' म्हणजे खरोखरच सगळे. शुक्रवारी सकाळची बोट गेली आणि डोंगरावर उरल्या शेळ्या, दोन बहिरे म्हातारे आणि नेव्हिल.

नेव्हिलने भिंतीवरचा तक्ता पाहिला. आठ दिवस. त्याने कुदळ घेतली.

शुक्रवार आणि शनिवार तो खणत होता. सरळ रेघेत. हाताला फोड आले, ते फुटले, त्यांच्या जागी दुसरे आले. झाडाशी पोचला तेव्हा दोरखंडासारखी मुळं लागली. ती त्याने करवतीने एका अंगाने साफ केली. जमीन त्याची, झाड त्याचं, कागदावर तसं लिहिलेलं. मुळांच्या खाली अडीच फुटांवर एक पावडरीचा पत्र्याचा डबा निघाला, गंजून चाळण झालेला. नेव्हिल स्वच्छतेचा भोक्ता. त्याने डबा मुळांच्या ढिगाऱ्याबरोबर काळ्या पिशवीत भरला आणि पिशवी रस्त्यावर ठेवली.

आता मॉर्न फांशेतची कचऱ्याची गाडी. नेव्हिलने तीन महिने नोंदी ठेवून तिचं वेळापत्रक करायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी हात टेकले होते. ती गाडी कधी पंधरा दिवसांनी यायची, कधी नाताळला यायची. त्या शनिवारी, पिशवी ठेवून नेव्हिल वळतोय न वळतोय, तोच ती डोंगर चढून आली, पिशवी उचलली आणि गेली. नेव्हिलने चक्क टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, देश सुधारायला लागला.

सोमवारी सकाळी कथबर्ट आला आणि चरापाशी उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग टोपी काढली.

"इथे एक डबा होता."

"गंजका? तो टाकला मी," नेव्हिल म्हणाला. "तुमचं दोन दिवसांचं काम वाचवलं की नाही?"

कथबर्टने टोपी परत घातली आणि उतार उतरून घरी गेला. खुंट्या तशाच राहिल्या, पाइप तसेच राहिले.

त्या दिवसापासून गावाने नेव्हिलला गुड मॉर्निंग करणं बंद केलं. हे वाचायला साधं वाटतं. पण मॉर्न फांशेतमध्ये माणूस सावकाराला गुड मॉर्निंग करतो, सासूला करतो, ज्याच्यावर कोर्टात दावा लावलाय त्यालाही कोर्टाच्या पायरीवर करतो. नेव्हिल रस्त्याने गेला की बायका शेंगांच्या टोपलीत बघायच्या. मिनीबसवाला एरवी हॉर्न वाजवून त्याच्यासाठी थांबायचा. तो आता फक्त हॉर्न वाजवायचा. दुकानदारीण म्हणाली पाव संपला, आणि तिच्या पाठीमागे फळीवर अठरा पाव होते. नेव्हिलने मोजले.

त्याने अंदाज बांधला: आपण स्वतः खणलं, गड्यांची मजुरी बुडाली, म्हणून हा संप. संप त्याला माहीत होता. संपाचं औषध म्हणजे वरचं ऑफिस. मंगळवारी सकाळी तो तीन मैल चालत शहराच्या फाट्याला गेला, तिथून दुसरी बस पकडली आणि पाण्याच्या ऑफिसात काउंटरसमोर उभा राहिला.

बाईंनी वेळापत्रकाने वारा घेत सांगितलं, की तुमच्या भागाचं काम मिस्टर नोएलकडे आहे आणि मिस्टर नोएल रजेवर आहेत.

नेव्हिलने विचारलं, आजारी आहेत का.

"आजारी नाहीत हो. त्यांची नाळ उकरली गेलीय." पाय मोडलाय म्हणून सांगावं तशा सुरात बाई म्हणाल्या. "कोणीतरी उकरली आणि कचऱ्यात टाकली. आता एवढं झाल्यावर माणूस कामावर कसा येणार, तुम्हीच सांगा."

नेव्हिल हसला. त्याला वाटलं गंमत आहे. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की ऑफिसात आपण एकटेच हसतोय. रांगेत अकरा माणसं होती. अकराच्या अकरा त्याच्याकडे बघत होती, आणि शेवटच्या एका आजीने तर छातीवर क्रूसाची खूण केली.

परतीच्या वाटेवर त्याला सगळं उलगडलं. मूल जन्मलं की त्याची नाळ पुरायची, वर झाड लावायचं, आणि ते झाड जन्मभर त्या मुलाचं, मग जमीन कोणाच्याही नावावर जावो. वर्षभरात निदान दहा माणसं त्याला म्हणाली होती, माझी नाळ तिकडे आंब्याखाली आहे, माझी नाळ जायफळाच्या झाडाखाली आहे. नेव्हिलला वाटायचं, बोलायची पद्धत आहे.

चार दिवस उरले होते. तो तडक कथबर्टच्या घरी गेला.

कथबर्टची आई, क्लोटिल, ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. वय चौऱ्याऐंशी. अख्खं गाव तिला टांटी म्हणायचं, म्हणजे मावशी. तिच्याहून मोठे होते ते दोन बहिरे म्हातारेही टांटीच म्हणायचे. आतल्या खोलीत कथबर्ट भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवतो, टांटी म्हणाली, पण मीठ कमी पडलं तरी बोलत नाही, म्हणजे बघ.

नेव्हिलने माफी मागितली. मग, माफी मागून झाल्यावर थांबायचं असतं हे न कळून, तो पुढे बोलत राहिला: की कागदावर झाड त्याच्या नावावर आहे, की डबा पूर्ण गंजला होता, की आत काही उरलंही नसेल.

"कागद टोरांटोत केला," टांटी म्हणाली. "झाड इथे लावलं. पोरा, हा जन्मला त्या दिवशी याच्या बापाने तो नारळ लावला. आयव्हन वादळ आलं, माझं छप्पर गेलं, चर्चचं छप्पर गेलं, पोलिसांची अख्खी चौकी गेली. ते झाड हललं नाही. का हललं नाही?"

नेव्हिलला वाटलं मुळं खोल असतील म्हणून. पण त्या मुळांचं आपण काय केलं ते आठवून तो गप्प बसला. ते बरं झालं.

"तुझी कुठे आहे?" टांटीने विचारलं.

"काय?"

"नाळ रे."

नेव्हिलने विचार केला. तो हडर्सफील्डच्या इस्पितळात जन्मला होता. "माहीत नाही. इस्पितळात असल्या गोष्टी... जाळत असावेत बहुतेक."

टांटीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "जाळत असावेत?"

"भट्टी असते तिथे."

टांटीने टोपली खाली ठेवली. मग रस्त्यापलीकडे तोंड करून, चौऱ्याऐंशी वर्षांच्या मानाने चांगल्याच खणखणीत आवाजात, शेजारणीला हाक मारली. "मर्ल, अगं ऐकलंस का? या माणसाची नाळ जाळली! त्याच्या स्वतःच्या माणसांनी!"

पलीकडे खिडकी उघडली. तिच्या शेजारची उघडली. आतल्या खोलीत खाट करकरली आणि कथबर्ट दारात येऊन उभा राहिला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर स्वतःच्या दुःखाशिवाय दुसरं काहीतरी होतं.

"म्हणून," टांटी हळू आवाजात म्हणाली, "म्हणून हा म्हातारपणी समुद्र ओलांडून जागा शोधत फिरतोय. आणि आपण म्हणत होतो माणूस उद्धट आहे."

नेव्हिल सांगणार होता, की तो काही शोधत वगैरे फिरत नव्हता, त्याने नीट चौकशी करून, तीन देशांची तुलना करून, तक्ता बनवून ही जागा घेतली होती. पण तेवढ्यात टांटीने त्याच्या ओंजळीत मूठभर तुरीचे दाणे ओतले. दाणे धरायचे का खायचे हे न कळून तो ते घेऊन घरी आला.

राग परवडला, अशी गावाची दया होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्याच्या पायरीवर कालालूची पातेली होती, म्हणजे आपलं अळूचं फदफदं. शेजारी भाजलेला अख्खा नीरफणस आणि फडक्यात बांधलेला खारा मासा. दुकानदारिणीने न मागता चार पाव दिले आणि गालाला हात लावला. मिनीबसवाल्याने बस थांबवली, पुढच्या सीटवर बसलेल्या आपल्या सख्ख्या मेव्हण्याला उठवलं आणि नेव्हिलला बसवलं. मागच्या प्रवाशांना तो मान वळवून सांगत होता: यांचीच ती जाळलेली.

नेव्हिल निघाला होता कचरा डेपोवर. टांटीने एकच तोडगा सांगितला होता: डबा आण. डेपोवरच्या रखवालदाराला सगळी हकीकत आधीच माहीत होती. त्याने हातमोजे दिले, एक काठी दिली, आणि शनिवारचा ढीग कुठला ते दाखवलं. नेव्हिल दिवसभर त्या ढिगावर होता. डोक्यावर घारी, पायाशी डुकरं. एका डुकराने त्याचा डावा बूट नेला. अख्ख्या ग्रेनाडातली माणसं उन्हाळ्यात किती पावडर लावतात हे त्याला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी तो एका बुटावर गावात परत आला तेव्हा त्याच्या गोणत्यात पावडरीचे अकरा डबे होते.

टांटीने सगळे डबे ओट्यावर ओळीने मांडले. सुपातले खडे निवडावेत तसे एकेक उचलून पाहिले. गाव जमलं होतं. कथबर्ट नखं खात उभा होता. नवव्या डब्याशी टांटी थांबली, तो कानाशी नेऊन हलवला आणि डोळे मिटले.

"हाच."

नेव्हिलने पाहिलं. डबा पत्र्याचा होता, गंजलेलाही होता. पण झाकण प्लास्टिकचं होतं आणि बुडाशी छापलेली तारीख चार वर्षांपूर्वीची होती. चौतीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या एका मिनिटाची चूक कधी सोडली नाही, त्या माणसाचं तोंड उघडलं. समोर कथबर्ट दोन्ही हात पुढे करून उभा होता. टांटी डोळे उघडून नेव्हिलकडे बघत होती. सरळ, त्याच्या उघड्या तोंडाकडे.

नेव्हिलने तोंड मिटलं. मग म्हणाला, "हो. हाच होता."

गुरुवारी डबा परत झाडाखाली गेला. टांटीने वर थोडी रम ओतली, उरलेली कथबर्टने ओतली, तोंडात. नेव्हिलने खणलेला सरळ चर बुजवला. कापलेल्या मुळांवर कथबर्टने माती अशी दाबली, की जणू लहान मुलाला पांघरूण घालतोय. मग टांटी म्हणाली, आता याचं. या माणसाचंही एक झाड लागलं पाहिजे, नाहीतर हा असाच भटकत राहील आणि पुन्हा कोणाचं तरी उकरील. नाळ नाही तर नाही, अंगातलं दुसरं काही?

नेव्हिलने नखं सुचवली. टांटी म्हणाली, नखं कोणीही कापतं. दुखून बाहेर आलं असं काही आहे का?

नेव्हिल घरात गेला आणि गोळ्यांची बाटली घेऊन आला. टांटीने ती उजेडात धरली, आतला खडा बघितला, आणि विचारलं, कुठे झाला. इथेच, नेव्हिल म्हणाला, याच घरात. टांटीने मान हलवली. हे चांगलं झालं.

"किती वेळ लागला?"

"एकोणीस तास."

"कथबर्टच्या वेळेला मला बावीस लागले," टांटी म्हणाली. "पण पहिलटकरणीच्या मानाने एकोणीस काही वाईट नाहीत."

मुतखडा पुरला, वर नारळाचं कोवळं रोप लावलं. नेव्हिलने चिठ्ठी तेवढी सोडवून घेतली होती.

शुक्रवारी कथबर्टने वळसा घालून एकशे चार फूट चर काढला. सहा माणसं न बोलावता खणायला आली. पाइप बसला, मीटर बसलं, आणि संध्याकाळी नळ फिरवला तर पाणी असं आलं, की नेव्हिलचा चष्मा धुऊन निघाला. कथबर्ट म्हणाला, याला म्हणतात प्रेशर. नेव्हिलने स्वयंपाकघरातलं नळाखालचं सिंक घासून चकचकीत केलं, बुडाचं रबरी बूच नीट बसवून ठेवलं, आणि तक्त्यावर शेवटची खूण केली.

शनिवारी, चौदा तारखेला, चार वाजून सात मिनिटांनी ग्लेनिस आली. ओट्यावर अर्धं गाव होतं. तिने उतरल्या उतरल्या एकेकाला गुड आफ्टरनून केलं, म्हाताऱ्यांना दोनदा केलं, कारण ते बहिरे होते. ओट्यावर पाण्याने भरलेल्या अकरा बादल्या ओळीने ठेवल्या होत्या. नेव्हिलला वाटलं, इथली स्वागताची पद्धत असेल. तो तिची बॅग घेऊन आत गेला. तिने बॅग स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवायला सांगितली आणि नळ फिरवला.

नळ खोकला. मग शिंकला. मग एक मुंगी बाहेर आली.

ग्लेनिसने तो एकदा इकडे फिरवला, एकदा तिकडे फिरवला. नेव्हिलने एकदा इकडे, एकदा तिकडे. कथबर्ट दारात उभा होता. त्याने सांगितलं, डोंगरावरची मोठी लाइन दुरुस्तीसाठी बंद आहे, आज सकाळी सातलाच रेडिओवर सांगितलं, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच अकरा बादल्या होत्या, आणि सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच नेव्हिलला कोणी सांगितलं नव्हतं.

ग्लेनिस ओट्यावर गेली, बादल्यांकडे पाहिलं, आणि विचारलं, हे कोणी भरलं. टांटी म्हणाली, आम्हीच, दुसरं कोण. तुमच्या या माणसाची नाळ जाळली हो बिचाऱ्याची. मग टांटीने तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं: कुदळ, डबा, डेपो, डुकराने नेलेला बूट. सगळ्यात शेवटी रोपाकडे बोट दाखवून त्याखाली काय आहे ते सांगितलं. नेव्हिल खांबाला धरून उभा होता.

"खडा पुरलास तू," ग्लेनिस त्याला म्हणाली.

"हो."

"चिठ्ठीसकट?"

"चिठ्ठी काढून."

ग्लेनिसने तोंडावर रुमाल धरला. तिचे खांदे हलायला लागले. ती हसतेय का रडतेय ते नेव्हिलला मागून कळेना, आणि पुढे जाऊन बघायचा धीर होईना. जरा वेळाने तिने डोळे पुसले, एका बादलीतून पाणी घेतलं आणि चहा ठेवला. चार वाजून बावन्न मिनिटं.

"चार म्हणाला होतास," ती कप देताना म्हणाली.

"हो."

"आणि नळाचं म्हणाला होतास."

"हो."

"मग बॅग मी उघडणार नाही, नेव्हिल. शब्द म्हणजे शब्द."

नेव्हिल हो म्हणाला. चहा चांगला झाला होता. दोघं दोन खुर्च्यांवर बसली होती, समोर समुद्र होता, आणि तिने पर्समधून शब्दकोडं काढलं. पहिल्याच शब्दाचं त्याने चुकीचं उत्तर दिलं.

अंधार पडायच्या आत सगळी टांटीकडे जेवायला गेली. नीरफणस, खारं मटण, नारळाचं दूध, एका मोठ्या पातेल्यात तळाला लागेपर्यंत शिजवलेलं. जेवण लांबलं. सातच्या सुमारास लाइन सुरू झाली आणि डोंगरावर पाणी आलं. कोरड्या नळाला चालू कुठलं आणि बंद कुठलं हे कळत नाही; नेव्हिलच्या घरचा नळ पूर्ण चालू राहिला होता. बूच बसवलेलं होतं. प्रेशर कथबर्टचं होतं. ती दोघं परत आली तेव्हा स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होतं आणि ग्लेनिसची बॅग त्यात आडवी पडून हळूहळू दाराकडे चालली होती.

चेनला हात लावावाच लागला. रविवारी सकाळी बॅगेतला एकूण एक कपडा बाहेर आला आणि ओट्यापासून रस्त्यापर्यंत दोरीवर गेला. बघायला येणाऱ्या प्रत्येकाने ग्लेनिसला गुड मॉर्निंग केलं. तिने विचारलं, इथे बॅग वाळायला किती वेळ लागतो. नेव्हिलने आयुष्यात पहिल्यांदा वेळ सांगितली नाही.

ग्लेनिसने रिकामी बॅग उचलली आणि वारा चांगला लागेल म्हणून कथबर्टच्या झाडाखाली उघडी करून ठेवली. नारळाच्या झाडाखाली काही ठेवू नये हे मॉर्न फांशेतच्या शेळ्यांनासुद्धा माहीत आहे, त्यामुळे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दहाला वीस मिनिटं कमी असताना एक नारळ पडला आणि बॅगेची दोन चाकं, दांडा आणि बिजागरी मोडली.